चुकलेला आकडा कुठे जातो

एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या विषयांच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा माझ्या वाट्याला ‘गटीकरणाचा क्रमिक प्रत्यावाहनावर होणारा परिणाम’ हा विषय आला आणि खरे सांगायचे तर मी थोडी हिरमुसले. वर्गातील इतरांना परीक्षेची चिंता, स्वप्रतिमा, मोबाईलचे व्यसन असे चारचौघांत सांगता येतील असे विषय मिळाले होते. माझ्या विषयात करायचे काय, तर नऊ आकडे वाचून दाखवायचे, समोरच्याने ते त्याच क्रमाने लिहून काढायचे, आणि मधे विसावा घेत वाचल्यास फरक पडतो का, ते पाहायचे. सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षे पाढे म्हणवून घेतलेल्या शिक्षिकेला यात नवे काय सापडणार, असे वाटले. फरक पडतोच. तो पडतो हे माझ्या दुसरीतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की दुपारच्या गाडीने परभणी गाठायची, दोन तास प्रयोगशाळेत काढायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा माझा दोन वर्षांचा क्रम होता. जाताना मानवत रोड आणि पेडगावच्या दरम्यान मी पाठ्यपुस्तक वाचत असे. त्यात या विषयाला दीड पान दिलेले होते आणि त्या दीड पानात बहुतेक सगळा जॉर्ज मिलर होता. मिलर यांनी 1956 साली लिहिलेल्या लेखात असे मांडले की माणसाच्या तात्कालिक स्मृतीत सुमारे सात, दोन कमी किंवा दोन जास्त, एवढे घटक मावतात. मात्र घटक म्हणजे एकेक आकडा किंवा अक्षर नव्हे, तर ओळखीचा एक अखंड तुकडा. नेल्सन कोवन यांनी पुढे 2001 मध्ये ही मर्यादा चारच्या आसपास असल्याचे प्रतिपादन केले. मी हे सगळे वहीत व्यवस्थित उतरवून नेले आणि मार्गदर्शक मॅडमांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे बरोबर आहे, पण तुमचा विषय हा नाही.”

ओळखीचे तुकडे करणे आणि नुसता विसावा घेऊन गट पाडणे, या दोन गोष्टी एकच आहेत असे मी गृहीत धरले होते. मॅडमांनी कागदावर आठ अक्षरे लिहिली: एस, टी, बी, डी, ओ, सी, ई, ओ. ती एकेक करून वाचली तर एखाद्या परक्या माणसाला आठ अक्षरे लक्षात ठेवावी लागतील. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला मात्र तीनच गोष्टी ऐकू येतात: एसटी, बीडीओ आणि सीईओ. इथे काम झाले ते पूर्वज्ञानामुळे. आता चार, नऊ, दोन, मग थोडा विसावा, मग सात, एक, आठ, असे वाचले तर ‘चार नऊ दोन’ हा काही माझ्या ओळखीचा तुकडा नाही. त्याला अर्थ नाही, त्याची आधीची भेट नाही. तरीही निव्वळ त्या विसाव्यामुळे आठवणे सुधारते. का सुधारते, हा माझा विषय होता, आणि अर्थपूर्ण तुकड्यांचे उत्तर इथे चालणार नव्हते. परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा वाटले की चिठ्ठी अगदीच वाईट निघालेली नाही.

पहिला आठवडा मी स्वतःवरच प्रयोग केला. स्मृतीच्या अभ्यासाची सुरुवात करणारे हेर्मान एबिंगहाउस हेही स्वतःच प्रयोगकर्ते आणि स्वतःच प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो माणूस, होते. निरर्थक शब्दावयवांच्या याद्या पाठ करून आणि विसरून त्यांनी 1885 मध्ये आपले निष्कर्ष छापले. माझ्याकडे एबिंगहाउस यांची चिकाटी नाही, पण नववीत शिकणारी मुलगी आहे. एक ते नऊ हे आकडे प्रत्येकी एकदाच येतील, पण क्रम उलटसुलट असेल, अशा वीस याद्या मी तयार केल्या. त्यांत तीन-चार-पाच असे ओळीने येणारे आकडे टाळले. रात्री जेवणे झाली की ती वाचायची आणि मी लिहायची.

तिसऱ्या रात्री तिने वाचले: चार नऊ दोन, सात एक आठ, पाच सहा तीन. मी लिहिले: 4 1 2, 7 9 8, 5 6 3. तिने कागद ओढून घेतला आणि तपासता तपासता थांबली. “आई, नऊ आन् एकची अदलाबदल झालीय. पण ते शेजारी पण नाहीत.”

हे खरेच विचित्र होते. आदल्या रात्री तिने न थांबता सलग वाचलेल्या याद्यांतही मी चुकले होते, पण त्या चुका समजण्यासारख्या होत्या. सहा तीन आठ एक पाच नऊ दोन सात चार, या यादीत मी एक आणि पाच यांची अदलाबदल केली होती. घाईत मागचा पुढे, पुढचा मागे, असे होणारच. परंतु इथे दुसऱ्या जागेवरचा नऊ मधल्या दोन जागा ओलांडून पाचव्या जागेवर गेला होता आणि पाचव्या जागेवरचा एक दुसऱ्या जागेवर आला होता. नीट पाहिले तर दुसरी जागा ही पहिल्या तिघांमधली मधली आणि पाचवी जागा ही दुसऱ्या तिघांमधली मधली. आकडे भरकटले होते, पण मधल्या खुर्चीवरून उठून मधल्याच खुर्चीवर बसले होते. पोस्टमनने घर नंबर बरोबर वाचावा आणि गल्ली चुकावी, तशी ही चूक होती.

पुढच्या शनिवारी मी तो कागद मॅडमांना दाखवला. त्यांना आश्चर्य वाटले नाही. रायन यांनी 1969 साली नऊ आकड्यांच्या यादीचे निरनिराळ्या पद्धतीने गट पाडून प्रयोग केले होते. त्यात तीन-तीन-तीन ही सारखी विभागणी सर्वांत फलदायी ठरली आणि गट पाडल्यावर अशाच, म्हणजे एका गटातील जागेवरून दुसऱ्या गटातील त्याच जागेवर उडी मारणाऱ्या चुका दिसल्या. मनातल्या मनात उजळणी करताना तीनचे गट सोयीचे पडतात, हे त्याआधी 1964 मध्ये विकलग्रेन यांनीही दाखवले होते. “तुम्ही आता गुण मोजू नका,” मॅडम म्हणाल्या, “गुण सगळेच मोजतात. चुका मोजा.” माझे प्रात्यक्षिक खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाले. मात्र त्यानंतरचे पाच आठवडे मुख्यतः माझ्या स्वतःच्या चुका निस्तरण्यात गेले.

सोळा प्रयुक्त ठरवले होते. त्यात माझे सहकारी शिक्षक, दोन अंगणवाडी ताई, महाविद्यालयातील काही वर्गमित्र आणि शाळेचे शिपाईमामा होते. याद्या मी माझ्याच आवाजात मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या: निम्म्या सलग, निम्म्या तीन-तीनच्या गटांत. पहिल्या पाच जणांची चाचणी घेऊन झाली आणि आकडे मांडले, तर दोन्ही प्रकारांत फरक जवळजवळ शून्य. मी अस्वस्थ झाले. रात्री ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकले आणि शेवटी मुलीलाच ऐकायला दिले. तिने दोन याद्या ऐकल्या आणि विचारले, “यातली सलगची कोणती आहे?”

कारण माझ्या आवाजात होते. सतरा वर्षे पाढे म्हणवून घेणाऱ्या बाईला सपाट वाचताच येत नाही. सलग याद्यांमध्येही माझा सूर दर तिसऱ्या आकड्यावर किंचित खाली येत होता. विसावा नव्हता, पण उतार होता, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तेवढा उतारही पुरतो. गट पाडायला शांतताच लागते असे नाही. सुराचा चढ-उतार, एखाद्या आकड्यावर दिलेला जोर, यांनीही गट पडतात. अभंगाचेच पाहा. ‘मोठा अभंग’ म्हणतात त्या प्रकाराच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. तो म्हणणारी माझी आई काही अक्षरे मोजत नाही, पण तोकड्या चौथ्या चरणावर तिचा आवाज आपोआप टेकतो आणि कडवे संपल्याचे कानालाच कळते. तीच सवय माझ्या गळ्यात उतरली होती, आणि प्रयोगात नेमकी तीच नको होती.

मग मी एक ते नऊ हे आकडे सुटे सुटे, प्रत्येक आकडा एकाच सुरात येईपर्यंत, मुद्रित केले. ते तुकडे भाच्याने संगणकावर जोडून दिले. ऐकायला ते रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेसारखे, जिथे प्रत्येक शब्द वेगळ्या दिवशी बोललेला वाटतो, तसे झाले. बरे झाले.

याच वेळी मॅडमांनी आणखी दोन खोटी काढल्या. गटाच्या यादीत मी दोन विसावे घालत होते, म्हणजे त्या यादीला एकूण वेळ जास्त मिळत होता. मग सुधारणा गटामुळे झाली की मिळालेल्या जास्तीच्या वेळामुळे, हे कसे सांगणार? त्यामुळे दोन्ही याद्या नऊ सेकंदांत बसवल्या. सलग यादीत सेकंदाला एक आकडा, आणि गटाच्या यादीत तीन आकडे जरा झपझप, मग विसावा, पुन्हा तीन. दुसरी खोट माझ्या उत्तरपत्रिकेत होती. मी नऊ चौकटी आखल्या होत्या आणि सवयीने तीन-तीन चौकटींनंतर थोडी जागा सोडली होती. म्हणजे सलग यादी ऐकलेल्या माणसालाही लिहिताना मी गट पाडूनच देत होते! चौकटी पुन्हा आखल्या, एकमेकींना चिकटून.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती मी पहिल्या पाच जणांच्या वाया गेलेल्या कागदांवरून शिकले. आठवत नसेल ती चौकट रिकामी सोडा, अशी सूचना मी दिलीच नव्हती. परिणामी एखाद्याचा चौथा आकडा निसटला की तो पाचवा आकडा चौथ्या चौकटीत लिहायचा, मग सहावा पाचवीत, आणि शेवटपर्यंत सगळी रांग एक घर डावीकडे सरकायची. जागेनुसार गुण दिले तर अशा माणसाचे सहा आकडे चुकीचे ठरत, प्रत्यक्षात त्याचा एकच आकडा हरवलेला असे. नव्या सूचनेत मी ‘आठवत नसल्यास चौकटीत आडवी रेघ मारून पुढे जा’ हे वाक्य घातले. ते वाक्य पुढे माझ्या फारच उपयोगी पडले.

शिपाईमामांची चाचणी मी शेवटी घेतली. आमचे मामा पूर्वी कापसाच्या बाजारात मापाडी होते आणि दिवसभराची वजने तोंडी सांगायचे, अशी त्यांची ख्याती. मला वाटले, हे सगळ्यांना मागे टाकणार. गटाची यादी होती: आठ तीन सहा, दोन सात चार, नऊ एक पाच. मामांनी लिहिले: 8 3 2 6 7 4 9 1 5. सहा आणि दोन यांची अदलाबदल. ही चूक गटाच्या सीमेवरची होती, म्हणजे गट पाडल्यावर जिथे अदलाबदल कमी व्हायला हवी तिथेच झालेली. एकदा झाली असती तर सोडून दिली असती, पण मामांच्या कागदावर असे तीनदा झाले. शेवटी मी त्यांना विचारले की ऐकताना मनात काय करता.

“बाई, तुमी तीन-तीन म्हणायलाव, पर फोनचा लंबर काय तीन-तीनचा असतोय व्हय? म्या आपलं जोडीनं धरलं. त्र्याऐंशी, बासष्ट, चौऱ्याहत्तर, एक्क्याण्णव, आन् एक पाच.”

मामांनी माझे गट मोडून आपले गट पाडले होते. आपल्याकडे मोबाईल नंबर सांगताना पुष्कळ जण जोड्या करूनच सांगतात, आणि मराठीत शंभरपर्यंतच्या प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव असल्याने दोन आकड्यांचा एक शब्द होतो. परंतु या शब्दात एकक आधी येते आणि दशक मागून. ‘बासष्ट’ म्हणताना कानावर आधी ‘बा’ येतो, म्हणजे दोन. साठ नंतर येतात. लिहिताना मात्र आधी सहा लिहायचे असतात. शांतपणे लिहिताना आपण हे उलटवून घेतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही; घाईत, आणि डोक्यात आणखी तीन शब्द धरून ठेवलेले असताना, ते उलटवणे राहून जाते. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांचीही संख्या लिहिताना अशीच गफलत होते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर त्यावर थट्टा आणि वाद झाले. मीही शिक्षकांच्या खोलीत बसून त्या थट्टेत सामील होते. मामांचा कागद पाहिल्यावर त्या पुस्तकाबद्दलचे माझे मत थोडे मवाळ झाले, पूर्ण बदलले असे नाही.

जोड्यांविषयी आणखी एक गैरसमज मामांमुळे दूर झाला. दोन आकड्यांचा एक शब्द केला म्हणजे ओझे निम्मे झाले, असे सहज वाटते. बॅडली, थॉमसन आणि ब्युकॅनन यांनी 1975 मध्ये दाखवून दिले होते की आपण साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारू शकतो, तेवढेच क्रमाने धरून ठेवू शकतो. शब्द लांब असले की संख्या घटते. आता ‘नऊ आठ’ आणि ‘अठ्ठ्याण्णव’ हे दोन्ही म्हणून पाहा. उच्चाराला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच. म्हणजे जोडी केल्याने जिभेचे काम कमी होत नाही. लाभ होत असेल तर तो वेळेच्या बचतीचा नव्हे, तो वेगळ्याच कशाचा तरी असला पाहिजे.

तो कशाचा, हे समजायला मला आलेख काढावे लागले. आडव्या अक्षावर एक ते नऊ या जागा आणि उभ्या अक्षावर त्या जागेवर बरोबर आठवलेल्यांची संख्या, असा आलेख सलग यादीसाठी काढला तर तो झोळीसारखा दिसतो: सुरुवातीचे आकडे चांगले आठवतात, शेवटचा एखाद-दुसरा चांगला आठवतो आणि मधला भाग खोल जातो. पाठ्यपुस्तकात याला प्रारंभिकता परिणाम आणि नूतनता परिणाम म्हटलेले आहे. गटाच्या याद्यांचा आलेख मी त्याच कागदावर लाल शाईने काढला. मोठी झोळी राहिलीच होती, पण तिच्यात तीन लहान झोळ्या बांधल्या गेल्या होत्या. प्रत्येक गटाचा पहिला आणि तिसरा आकडा वर, मधला खाली. विसाव्याने यादीला दोन सुरुवाती आणि दोन शेवट अधिकचे दिले होते. नऊच्या रांगेत एक सुरुवात आणि एक शेवट असतो; तीनांच्या तीन रांगांत तीन सुरुवाती आणि तीन शेवट असतात, आणि कडेला उभ्या असलेल्याची ओळख पटणे सोपे असते, हे रांगा लावून घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला माहीत आहे. आमच्याकडे प्रार्थनेला मधे उभे राहणारेच पोर नेहमी निसटते.

त्यानंतर मी चुकांचे तक्ते केले. सलग याद्यांत बहुतेक अदलाबदल शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होती. गटांच्या याद्यांत एकूण चुका घटल्या, आणि विसाव्याच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा यांची अदलाबदल तर, मामांचा कागद वगळता, क्वचितच दिसली. पण तीन घरे पलीकडे जाणाऱ्या चुका मात्र वाढल्या. पहिला पहिल्याच्या जागी, मधला मधल्याच्या जागी. मला पूर्वी वाटत असे की क्रम म्हणजे साखळी: चार आठवला की तो नऊला ओढतो, नऊ दोनला ओढतो. एबिंगहाउस यांच्या काळापासून हे मत चालत आलेले आहे. आता माझाच तिसऱ्या रात्रीचा कागद पाहा. त्यावर मी दुसऱ्या जागी एक लिहिला होता. मूळ यादीत एकच्या पुढे आठ होता. साखळीच असती तर एकने आठला ओढून आणले असते आणि माझी उरलेली यादी त्या रुळावर गेली असती. मी मात्र एकच्या पुढे दोन लिहिला, जो त्या जागेवर खरोखरच होता. चुकीचा पाहुणा येऊन बसला तरी शेजारच्या खुर्च्या हलल्या नाहीत. कार्ल लॅशले यांनी 1951 मध्ये क्रमाचा प्रश्न अशा साखळीने सुटत नाही असे बजावले होते, ते वाचले तेव्हा समजले नव्हते. कागद समोर ठेवल्यावर समजले.

मला जे कळले ते असे, की गट पाडल्याने आकडे लहान होत नाहीत, त्यांना पत्ता मिळतो. सलग यादीत प्रत्येक आकड्याचा पत्ता ‘सुरुवातीपासून साधारण इतका दूर’ एवढाच असतो, आणि मधल्या आकड्यांचे पत्ते एकमेकांसारखे दिसू लागतात. गट पाडले की पत्त्याला दोन ओळी येतात: कोणती गल्ली, आणि गल्लीतले कितवे घर. पत्ता नेमका होतो म्हणून आठवण सुधारते; आणि दोनपैकी एकच ओळ पुसली गेली तर आकडा दुसऱ्या गल्लीतल्या त्याच घरात जाऊन पोचतो. चुका वाढतात त्या ठरावीक दिशेनेच, यावरून पत्ता दोन ओळींचा असल्याचे ओळखू येते.

अशा पत्त्यांवर माणूस किती मोठी वस्ती वसवू शकतो, याचे एक उदाहरण मॅडमांनी सांगितले आणि ते मी वहीत घातले. एरिक्सन, चेस आणि फलून यांनी 1980 मध्ये एका सर्वसाधारण महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याला सातच आकडे क्रमाने सांगता येत. दीड वर्षाहून अधिक काळ, दोनशे तीसहून अधिक तास सराव केल्यावर तो सुमारे 79 आकड्यांपर्यंत पोचला. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. तीन किंवा चार आकड्यांचा गट तो शर्यतीची वेळ म्हणून ओळखायचा, आणि मग अशा गटांचे आणखी मोठे गट करायचा. गल्ल्या झाल्या, मग वाड्या, मग गाव. मला अधिक रस वाटला तो पुढच्या वाक्यात: आकड्यांऐवजी अक्षरे दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. त्याची स्मृती वाढली नव्हती, आकड्यांपुरती व्यवस्था वाढली होती.

तोंडी परीक्षा पंधरा मिनिटांत आटोपली. बहिःस्थ परीक्षकांनी सुरुवातीला मिलर यांचे साल विचारले, मग सोळा प्रयुक्त कमी नाहीत का असे विचारले, आणि मी होय म्हटले. याद्या डोळ्यांना दाखवल्या असत्या तर काय झाले असते, या प्रश्नाला मी उत्तर दिले की वेळेतल्या विसाव्याचा परिणाम कानाने ऐकलेल्या यादीवर जास्त ठळक दिसतो, आणि माझ्याकडे फक्त कानाचा पुरावा आहे. मामांचा कागद मी वगळायला हवा होता, असे त्यांचे मत पडले. मला ते पटले नाही, कारण प्रयोगकर्त्याने दिलेले गट आणि ऐकणाऱ्याने पाडलेले गट यांतला फरक सोळा जणांत तेवढ्या एकाच कागदावर उघड झाला होता. तसे मी म्हणाले. त्यांनी सही केली.

वही परत मिळाली त्याच आठवड्यात सातवीच्या पोरांनी हट्ट धरला की आमच्यावरही प्रयोग करा. एक ते नऊ हे सगळे आकडे येणार हे कळल्यावर हुशार पोरे राहिलेला आकडा हिशेबाने भरतात, म्हणून त्यांच्यासाठी मी अक्षरे घेतली आणि वर्गात उभी राहून, शक्य तितक्या सपाट आवाजात वाचली: क म ट, स ल प, ग न ड. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने पहिली तीन भरली, मग स लिहिला, मग पुढच्या चौकटीवर पेन टेकवून बराच वेळ थांबली, तिच्यात आडवी रेघ मारली, पुढे प लिहिला आणि ग न ड सरळ लिहून टाकले. मी तिच्याजवळ गेले आणि विचारले की प तिथेच कशावरून, रेघेच्या जागी का नाही.

“नाही बाई, प कडंचाच हाय. ह्याच्यात दुसरं एक होतं,” ती रेघेवर बोट ठेवून म्हणाली. “बसलेलं दिसायलंय, पर त्येचं तोंड दिसंना.”